नळी वाहू लागली, पाय बरा व्हायचा आहे: पायाच्या बायपासचा वर्षभराचा प्रवास

पायाचा बायपास, म्हणजे पायातल्या बंद धमनीला वळसा घालून रक्तासाठी नवी नळी जोडण्याची शस्त्रक्रिया, करायची वेळ आलेला माणूस रात्री ओळखू येतो. आडवं झालं की पावलात आणि बोटांच्या टोकांत आग पेटते. उठून पाय पलंगाखाली सोडला की ती थोडी निवते, कारण लटकत्या पावलात रक्त निदान वजनाने तरी उतरतं. मग माणूस खुर्चीतच झोपू लागतो. असे काही आठवडे गेले की पाऊल सुजतं आणि सुजलेल्या कातडीत रक्त आणखीच कमी पोचतं. शिवाय गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. ही किरकोळ बाब वाटते, पण आखडलेल्या पायात उद्या भरपूर रक्त पोचलं तरी त्यावर उभं राहता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची वाट पाहतानाच वेदनाशामक पुरेसं द्यायचं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून रात्री आडवं झोपवायचं आणि दिवसातून चार-पाच वेळा गुडघा पूर्ण सरळ करून घ्यायचा. बायपासचा निकाल इथपासून लागायला सुरुवात होते.

रक्तवाहिन्यांच्या वॉर्डात काम करताना आमच्यासमोर सतत दोन वेगळी मापं असतात. एक म्हणजे नवी वाट उघडी आहे का. दुसरं म्हणजे माणसाची जखम भरली का, वेदना गेली का, तो पायावर चालतो का. पहिलं माप शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळतं. दुसरं कळायला बऱ्याचदा सहा महिने ते वर्ष लागतं. घरच्यांना ही दोन मापं वेगळी आहेत हे आधी सांगितलं नाही, तर महिन्याभराने पट्टी सोडताना जखम तशीच दिसते आणि 'शस्त्रक्रिया फसली' असा समज होतो. बहुतेक वेळा ती फसलेली नसते.

हा बायपास सगळ्यांसाठी नाही, हे आधीच सांगायला हवं. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो, एवढाच त्रास असेल तर पहिला उपाय चालणं हाच. आठवड्यातून निदान तीन वेळा, अर्धा ते पाऊण तास, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं देखरेखीखाली किमान तीन महिने. सोबत तंबाखू बंद, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), गुठळी होऊ न देणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि साखर-रक्तदाबावर ताबा. एवढाच त्रास असलेल्यांपैकी पाच वर्षांत पाय गमवावा लागणारे थोडेच असतात. उलट, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली विश्रांतीतली वेदना, न भरणारी जखम किंवा काळं पडलेलं बोट म्हणजे पाय धोक्यात आहे. या लेखात मुख्यतः अशा पायाबद्दल सांगितलं आहे.

तपासण्यांची सुरुवात साध्या गोष्टीने होते: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. १.० ते १.४ हे निरोगी मानतात, ०.९ आणि त्याखाली आजार, आणि ०.४ च्या खाली पाय संकटात. मात्र मधुमेह किंवा जुना किडनीचा आजार असेल तर धमनीच्या भिंतीत चुना साठतो. अशी धमनी पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा १.४ च्या वर किंवा फसवा 'नॉर्मल' येतो. रिपोर्टवर चांगला आकडा आणि पायावर काळं बोट, अशी विसंगती दिसली की पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर जखम आपणहून भरण्याची आशा फार थोडी. घोट्याचा आकडा ठीक आहे म्हणून जखमेवर नुसती मलमपट्टी करत दोन-तीन महिने घालवलेले पाय आम्हाला वारंवार दिसतात. त्या महिन्यांत गेलेली बोटं परत येत नाहीत.

पुढे सोनोग्राफी-डॉपलर (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) आणि अँजिओग्राफी (धमन्यांचं चित्र), सीटीवर किंवा सुईतून डाय (चित्रात उठून दिसणारं द्रव्य) सोडून. डायमुळे किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधी बघतात आणि ते वाढलेलं असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी थांबवतात. चित्र बघताना अडथळा कुठे आहे यापेक्षाही अडथळ्याच्या पुढे काय शिल्लक आहे हे जास्त महत्त्वाचं असतं. शेताला पाणी द्यायचं तर विहिरीत पाणी हवं, पाट शाबूत हवा आणि पुढची जमीन पाणी घेणारी हवी. बायपासचंही तसंच आहे. जांघेपर्यंत येणारा प्रवाह जोरकस हवा, मधली नळी चांगली हवी आणि घोट्या-पावलापाशी निदान एक धमनी पावलाच्या कमानीपर्यंत उघडी हवी. पोटातल्या धमनीतच अडथळा असेल तर आधी तो स्टेंटने (धमनीत बसवायच्या जाळीच्या नळीने) मोकळा करावा लागतो. नाहीतर खाली कितीही सुबक जोड दिला तरी तो कोरडाच राहतो.

या तिघांत माणसाच्या हाती सर्वात जास्त असते ती मधली नळी, आणि तिची सर्वात जास्त हेळसांडही होते. सर्वोत्तम नळी म्हणजे माणसाची स्वतःची शीर: घोट्याच्या आतल्या बाजूने मांडीवरून जांघेपर्यंत जाणारी लांब सॅफेनस शीर. फ्रान्समध्ये जाँ कुनलँ यांनी १९४८ मध्ये हीच शीर उलटी करून मांडीतल्या बंद धमनीला वळसा घातला, आणि आजही तिला तोड नाही. शीर उलटी करायचं कारण तिच्यातल्या झडपा. त्या रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. टोकं बदलली की झडपा आड येत नाहीत. दुसऱ्या पद्धतीत शीर जागेवरच ठेवतात आणि आतून बारीक पात्याच्या हत्याराने झडपा कापतात. त्यात वरचं जाड टोक जाड धमनीला आणि खालचं बारीक टोक बारीक धमनीला जुळतं, हा फायदा. पण एखादी झडप अर्धवट राहिली किंवा शिरेची एखादी बाजूची फांदी बांधायची राहिली, तर पुढे त्रास तिथूनच सुरू होतो.

म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शिरेचा नकाशा काढतात. खोली गार असेल तर शिरा आकसतात आणि चांगली शीरही बारीक भासते. खोली उबदार हवी, पाय खाली सोडलेला हवा. सोनोग्राफीने शीर घोट्यापासून जांघेपर्यंत तपासून कातडीवर न पुसणाऱ्या पेनाने रेघ ओढतात. साधारण ३ मिलिमीटर किंवा अधिक रुंदी, दाबल्यावर पूर्ण मिटणारी, आत जुनी गुठळी नसलेली आणि सलग लांबीची, अशी शीर हवी. नेमकी रेघ असेल तर कातडीखाली मोठे कप्पे पाडावे लागत नाहीत, आणि अशा कप्प्यांवरची कातडीच नंतर सडते.

इथे एक कळकळीची विनंती. ज्यांच्या पायांत रक्त कमी पोचतं, त्यांच्या पायाच्या शिरेत सलाईन लावू देऊ नका. हातालाही सुई शक्यतो पंजाच्या मागच्या बाजूला टोचून घ्या. पायाची शीर हृदयाच्या बायपाससाठी आधीच वापरलेली असेल, तर उरते ती दंडाची आणि कोपराजवळची शीर, आणि तीच वारंवार टोचून खराब झालेली असते. फुगलेल्या शिरांवर उपचार करून घेण्यापूर्वीही पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात. एकदा काढलेली किंवा जाळलेली सॅफेनस शीर परत मिळत नाही.

शीर नसेल तर कृत्रिम नळी, बहुधा पीटीएफई नावाच्या प्लास्टिकची, ६ मिलिमीटरची. गुडघ्याच्या वर ती बऱ्यापैकी चालते, गुडघ्याखाली तिचं बळ झपाट्याने घटतं. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून केलेल्या ८४५ बायपासच्या तुलनेत पोटरीतल्या धमन्यांपर्यंत नेलेल्या शिरा चार वर्षांनी ४९ टक्के उघड्या होत्या, पीटीएफईच्या नळ्या फक्त १२ टक्के. नंतर कृत्रिम नळीच्या खालच्या टोकाला शिरेचा छोटा कॉलर जोडण्यासारखे उपाय रूढ झाले, औषधं सुधारली, पण शीर आणि प्लास्टिक यांतलं अंतर मिटलेलं नाही. त्यातून कृत्रिम नळीत जंतुसंसर्ग झाला तर ती बहुतेक वेळा काढावीच लागते.

मग बायपास की फुगा, म्हणजे धमनीत आतून फुगा फुगवून किंवा स्टेंट बसवून अडथळा उघडणं? या प्रश्नावर अलीकडचे दोन मोठे अभ्यास वेगवेगळ्या दिशेला बोट दाखवतात, आणि दोन्ही ध्यानात ठेवणं प्रामाणिकपणाचं. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात एकूण १८३० रुग्ण होते. चांगली एकसंध सॅफेनस शीर असलेल्या गटात घोट्यावरचं अंगच्छेदन, मोठी फेरशस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांपैकी काही घडलं ते बायपासवाल्यांपैकी ४२.६ टक्क्यांना आणि आतून उपचार केलेल्यांपैकी ५७.४ टक्क्यांना. शीर चांगली नसलेल्या गटात असा ठळक फरक दिसला नाही. २०२३ च्या बेसिल-२ मध्ये ३४५ रुग्ण होते, सगळ्यांना गुडघ्याखालच्या धमन्यांत काम करावं लागणार होतं. तिथे अंगच्छेदन किंवा मृत्यू शिरेच्या बायपासच्या गटात ६३ टक्के, फुगा-स्टेंटच्या गटात ५३ टक्के, आणि फरक मुख्यतः मृत्यूंमुळे पडला. आमच्या मते यातून सरसकट विजेता काढू नये. शीर चांगली, हृदय बरं आणि अडथळा लांबलचक असेल तर बायपासला आधी विचारात घ्यावं. माणूस फार थकलेला, आयुष्याची आशा दोन वर्षांहून कमी आणि अडथळा आखूड असेल तर फुगा आधी.

शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल थोडक्यात. पूर्ण भूल किंवा मणक्यातली भूल, अडीच-तीन तासांपासून पाच-सहा तासांपर्यंतचं काम. जांघेत एक छेद, गुडघ्याजवळ किंवा घोट्याजवळ दुसरा, आणि शीर काढण्यासाठी मधे एक लांब किंवा तुकड्यातुकड्यांचे छेद. धमनीला चिमटा लावण्याआधी वजनाच्या किलोमागे साधारण ७० ते १०० युनिट हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन. जोड देण्यासाठी पॉलिप्रॉपिलीनचा धागा, जांघेत ५-० आणि पोटरी-पावलाकडे ७-० पर्यंत बारीक. शीर स्नायूंखालच्या बोगद्यातून नेताना पीळ पडू नये म्हणून तिच्यावर आधीच शाईची सरळ रेघ ओढतात किंवा ती रक्ताने फुगवून मगच ओढतात. शेवटी डॉपलर किंवा टेबलावरच अँजिओग्राफी करतात. ही शेवटची पायरी टाळू नये. आत पीळ, झडप किंवा गुठळी राहिली असेल तर ती दुरुस्त करायची सगळ्यात सोपी वेळ तीच.

पहिली रात्र नर्सच्या हातात असते. दर तासाला पावलावर हातातला डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) टेकवायचा. आवाज जिथे मिळतो तिथे पेनाने फुली मारतात, म्हणजे पाळी बदलली तरी पुढची नर्स तीच जागा तपासते. पावलाची ऊब, रंग, बोटांची हालचाल, कातडीची जाण, पोटरीचा कडकपणा हे सगळं तक्त्यावर उतरतं. रक्तदाब फार खाली आला तर नवी नळी गोठते, फार चढला तर जोडातून रक्त झिरपतं. आधी ऐकू येणारा आवाज गेला तर 'सकाळी बघू' हा पर्याय नसतो. त्याच रात्री पुन्हा टेबलावर नेलेला पाय बऱ्याचदा वाचतो, दुसऱ्या दिवशी दुपारी नेलेला वाचेलच असं नाही. पाय बराच वेळ रक्ताविना राहिलेला असेल तर रक्त परतल्यावर पोटरीचे स्नायू सुजून आवरणात कोंडले जातात. बोटं ताणली की असह्य दुखतं, पोटरी लाकडासारखी लागते. अशा वेळी पोटरीतल्या स्नायूंच्या आवरणाचे चारही कप्पे कापून उघडावे लागतात. लघवी काळपट होते का आणि पोटॅशियम चढतं का, तेही पाहावं लागतं.

पहिल्या महिन्याची जोखीम किती? उत्तर अमेरिकेतल्या ८३ केंद्रांत १४०४ रुग्णांवर झालेल्या प्रिव्हेंट-३ अभ्यासात (२००६) सगळ्यांना शिरेचा बायपास झाला होता, आणि सगळ्यांचे पाय धोक्यात होते. तीस दिवसांत मृत्यू २.७ टक्के, हृदयविकाराचा झटका ४.७ टक्के, नळी बंद पडणं ५.२ टक्के, मोठं अंगच्छेदन १.८ टक्के. म्हणजे पहिल्या महिन्यात धोका पायाइतकाच हृदयाला आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी ईसीजी, इको, हिमोग्लोबिन बघतात, ॲस्पिरिन आणि स्टॅटिन चालू ठेवतात, आणि आधीपासून घेत असलेली बीटा-ब्लॉकरची (हृदयाची गती आवरणारी) गोळी अचानक तोडत नाहीत.

त्याच अभ्यासातले वर्षअखेरचे आकडे अधिक बोलके आहेत. कोणतीही डागडुजी न करता उघड्या राहिलेल्या नळ्या ६१ टक्के, बंद पडल्यावर पुन्हा उघडलेल्या धरून ८० टक्के, वाचलेले पाय ८८ टक्के, आणि हयात माणसं ८४ टक्के. ६१ आणि ८० यांतलं अंतर म्हणजे दुसऱ्यांदा केलेलं काम. ज्यांना बायपास करायचा आहे त्यांनी हे आधीच समजून घ्यावं की वर्षभरात आणखी एखादी लहानमोठी प्रक्रिया लागणं हे अपयशाचं लक्षण नाही, तो या उपचाराचाच भाग आहे.

आता जखमांकडे, कारण दवाखान्यातला आणि घरातला बराचसा वेळ त्यांच्यातच जातो. जखमा दोन जातींच्या. आधीची पायावरची, आणि शस्त्रक्रियेने केलेली. जांघेचा छेद सर्वात त्रासाचा: घाम, घडी आणि लसिकावाहिन्यांचं (शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं) जाळं. तिथून पिवळसर पाणी झिरपू लागलं तर ते बहुधा लसिकाद्रव असतं. बऱ्याचदा ड्रेसिंग आणि थोडी विश्रांती यांनी थांबतं, पण खाली कृत्रिम नळी असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं. घडीत कोरडी घडी केलेली गॉझ ठेवावी, आंघोळीनंतर हलकं टिपून कोरडं करावं, चोळू नये. स्थूल माणसांत, मधुमेहात आणि किडनीच्या आजारात छेद उसवण्याचं प्रमाण वाढतं. टाके किंवा स्टेपल साधारण दोन ते तीन आठवड्यांनी काढतात. जांघेखाली, कमी रक्ताच्या भागात घाई करू नये.

आधीची जखम भरण्याचा वेग वेगळाच असतो. कोरडं काळं बोट असेल तर आधी रक्तपुरवठा पोचवायचा, काळ्या-तांबड्याची सीमारेषा स्पष्ट होऊ द्यायची आणि मग बोट काढायचं. घाईत काढलं तर छेद भरत नाही आणि दुसरं बोटही जातं. ओलं, घाण वास येणारं, पू असलेलं पाऊल मात्र थांबत नाही. तिथे आधी पू वाहता करायचा, मेलेला भाग काढायचा, प्रतिजैविकं द्यायची आणि एक-दोन दिवसांत बायपास. हा क्रम उलटा झाला की नवी नळीही पुवात सापडते. टाचेची जखम सर्वात हट्टी, कारण पलंगावर झोपलं की भार तिच्यावरच येतो. पोटरीखाली उशी ठेवून टाच हवेत राहील असं करायचं, उशी टाचेखाली ठेवायची नाही.

अमेरिकेत ओरेगॉनमधल्या एका गटाने बायपास झालेल्या ११२ रुग्णांचा पुढे वर्षानुवर्षं माग काढला आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जखमा भरायला सरासरी ४.२ महिने लागले. शस्त्रक्रिया बिनबोभाट, सगळ्या जखमा भरलेल्या, पुन्हा कोणतंही काम न लागलेलं आणि माणूस आपल्या पायावर हिंडता-फिरता, असा सर्वार्थाने आदर्श निकाल फक्त १६ जणांना मिळाला. आकडा वाचून हबकून जाऊ नये. बहुतेकांची वेदना गेली होती, पाय राहिला होता. पण 'आठ दिवसांत घरी, पंधरा दिवसांत पूर्ववत' असं कुणी सांगत असेल, तर ते या आजाराचं वर्णन नाही.

पायाची सूज हा जवळपास सगळ्यांना होणारा आणि जवळपास कुणालाही आधी न सांगितलेला भाग. बोटांपासून गुडघ्यापर्यंत पाय फुगतो, कातडी चकचकीत होते. छेदांमुळे लसिकावाहिन्या तुटलेल्या असतात, शीर काढलेली असते आणि उपाशी राहिलेल्या पेशींत अचानक रक्त आलेलं असतं. दोन-तीन महिन्यांत ती ओसरते, थोडी अनेकदा वर्षभर राहते. बसताना पाय स्टुलावर, झोपताना पोटरी हृदयाच्या थोडी वर. घट्ट पट्टा किंवा इलॅस्टिक मोजा मात्र शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय घालायचा नाही. नळी कातडीखालून जात असेल तर तो तिलाच दाबतो. सूज वाढली आणि पोटरी एका बाजूने दुखू लागली तर शिरेतली गुठळी नाही ना, हे सोनोग्राफीने तपासायचं. नडगीच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा झिणझिण्या येतात, कारण शिरेसोबतची बारीक संवेदना-नस दुखावते. महिनोनमहिने ती जाणीव टिकते, तरी नळीला त्याचा धोका नाही. मात्र बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही.

चालायला बहुतेकांना पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी उठवतात. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. गुडघा ओलांडून जाणारी नळी असेल तर मांडी घालून किंवा उकिडवं खूप वेळ बसणं टाळायला सांगतात, कृत्रिम नळीच्या बाबतीत तर आवर्जून. पायाच्या जखमेवर भार पडू नये म्हणून खास चप्पल किंवा प्लास्टर लागतं. ते घातलं तर जखम भरते, कपाटात ठेवलं तर नाही. पुढच्या वर्षभर रोज रात्री दिव्याखाली दोन्ही पावलं बघायची, बोटांच्या मधल्या जागा, टाच, नखांच्या कडा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी बघायचं.

औषधांत ॲस्पिरिन आणि स्टॅटिन आयुष्यभराचे सोबती. २०२० च्या व्होयेजर अभ्यासात, ६५६४ रुग्णांत, ॲस्पिरिनसोबत दिवसातून दोनदा २.५ मिलिग्रॅम रिव्हरोक्सॅबान (रक्त पातळ करणारी नवी गोळी) दिल्यावर पाय किंवा हृदय-मेंदूवरच्या मोठ्या घटना तीन वर्षांत १९.९ वरून १७.३ टक्क्यांवर आल्या. मोठ्या रक्तस्रावाचा धोका मात्र वाढला. २००० च्या डच अभ्यासात, २६९० रुग्णांत, शिरेच्या नळीला जुन्या पद्धतीची रक्त पातळ करणारी गोळी अधिक मानवली, कृत्रिम नळीला ॲस्पिरिन. कुणाला काय द्यायचं हे पोटातला अल्सर, किडनी, वय आणि नळीची जात बघून ठरतं. दात काढायचा किंवा डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. नळी बंद पडण्यामागे हा अगदी टाळता येणारा प्रकार आम्हाला वारंवार आढळतो.

आणि तंबाखू. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत बायपास बंद पडण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. 'दिवसातून दोनच ओढतो' याने तो धोका टळत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून नव्हे, निर्णय झाला त्या दिवसापासून सोडावं, आणि त्यासाठी निकोटिनची पट्टी, गोळ्या, समुपदेशन यांची मदत घ्यावी. मनाची ताकद पुरेल असं गृहीत धरू नये.

नळी बंद पडण्याचे तीन काळ आहेत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. पहिल्या महिन्यात बंद पडली तर बहुधा कामातली चूक किंवा चुकीची निवड: पीळ, राहिलेली झडप, बारीक शीर, पुढे वाहून नेणारी धमनीच नसणं. एक महिना ते दोन वर्षं या काळात शिरेच्या आतल्या अस्तराची फाजील वाढ होते, विशेषतः जोडांपाशी आणि झडपांच्या जागी. दोन वर्षांनंतर मूळ आजारच वर किंवा खाली सरकतो. मधल्या काळातली वाढ हळू होते आणि काही जाणवत नाही. म्हणून शिरेच्या नळीची डॉपलर सोनोग्राफी साधारण १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी आणि मग वर्षाला किंवा सहा महिन्यांना करतात. एखाद्या जागी रक्ताचा वेग सेकंदाला ३०० सेंटिमीटरच्या वर आणि शेजारच्या भागाच्या साडेतीनपट झाला, सगळ्या नळीतला वेग ४० ते ४५ सेंटिमीटरच्या खाली आला किंवा घोट्याचा आकडा ०.१५ ने घसरला, तर अरुंद जागा वेळीच मोठी करायची. उघड्या नळीतली अरुंद जागा सुधारणं सोपं, बंद पडलेली नळी जिवंत करणं कठीण. 'मला काही त्रास नाही' म्हणून तारीख चुकवू नका.

तातडीच्या खुणा दोनच, पण त्या पाठ हव्यात. पाय अचानक गार पडणं, पांढरा-निळसर होणं, बधिर होणं किंवा बोटं हलवता न येणं: साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरू लागतात, म्हणून ताबडतोब दवाखाना, घरी शेकत बसू नये. दुसरी, छेदातून अचानक लाल रक्त उसळणं: स्वच्छ कापड घेऊन नेमक्या जागेवर बोटांनी घट्ट दाबून धरायचं, पट्टा आवळायचा नाही, दाब न सोडता गाडी बोलवायची.

तातडीच्या वेळी समोर कोण डॉक्टर असेल सांगता येत नाही, म्हणून एक कागद पाकिटात जपून ठेवा. शस्त्रक्रियेची तारीख; नळी कोणत्या पायाची, कुठून कुठपर्यंत; शिरेची की कृत्रिम; शीर उलटी केलेली की जागेवरची; मागच्या डॉपलरमधले वेग आणि घोट्याचा आकडा; सध्याच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि त्यांचं प्रमाण; क्रिएटिनिनचा शेवटचा आकडा. डिस्चार्ज कार्डावर यातलं निम्मंच असतं, म्हणून टाके काढायला जाल त्या दिवशी उरलेलं डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्या.